छत्तीस बाइटांत भूतकाळ

मायक्रोवेव्हला मोबाइल जोडला, त्यातून भूतकाळात निरोप गेला आणि जग बदललं. एवढ्या भांडवलावर 'स्टाइन्स;गेट' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका उभी आहे. एप्रिल ते सप्टेंबर 2011 या काळात ती जपानमध्ये प्रसारित झाली. एकूण 24 भाग, दिग्दर्शन हिरोशी हामासाकी आणि ताकुया सातो यांचं, पटकथा जुक्की हानादा यांची. मुळात हा 2009 साली आलेला, वाचत वाचत पुढे न्यायचा व्हिडिओ गेम. इतकी वर्षं लोटली तरी मालिकेवरचे वाद थंडावलेले नाहीत. ज्यांना आवडते ते तिला डोक्यावर घेतात, ज्यांना आवडत नाही ते पाचव्या-सहाव्या भागातच रामराम ठोकतात.

हैदराबादेत काचीगुड्याच्या एका जुन्या घरात हे दोन्ही पक्ष एकाच दिवाणावर बसतात. मामा भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, पुढे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. त्या दिवसांत इकडे येऊन इथलीच झालेली जी मराठी घरं, त्यांतलं हे एक. भाची नांदेडची, नोकरी माधापूरला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्याचाच तिला पगार मिळतो, तरी या मालिकेचं वकीलपत्र तिनंच घेतलेलं. फिर्याद मामांची. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी सावध असावं, कारण दोघांचं भांडण शेवटच्या भागापर्यंत जातं.

कथा 2010च्या उन्हाळ्यातली, टोकियोच्या अकिहाबारा भागातली. ओकाबे रिंतारो हा कॉलेजातला पोरगा स्वतःला 'वेडा शास्त्रज्ञ' म्हणवतो. पांढरा कोट घालून हिंडतो, बंद मोबाइल कानाला लावून अज्ञात शत्रूंबद्दल बडबडतो. टीव्हीच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीला त्यानं प्रयोगशाळा असं नाव दिलंय. सोबत बालमैत्रीण मायुरी आणि संगणकात तरबेज असलेला जाडजूड दारू. 28 जुलैला रेडिओ काइकान या इमारतीत त्याला एका तरुण मेंदूशास्त्रज्ञ मुलीचं, माकिसे कुरिसूचं, रक्तात पडलेलं शरीर दिसतं. तो घाबरून दारूला तसा संदेश पाठवतो आणि त्याच क्षणी रस्त्यावरची गर्दी नाहीशी होते. थोड्या वेळानं तीच कुरिसू त्याच्यासमोर जिवंत उभी असते.

"सुरुवात झकास," मामा म्हणाले. "पण नंतर काय? केळ्याचा जेलीसारखा लगदा होतो, पोरं सरबत पितात, तो गाढव मोठमोठ्यानं हसतो. खरं नाट्य बाराव्या भागात. एक भाग चोवीस मिनिटांचा धर, म्हणजे पावणेपाच तास मी काय करायचं?"

"मामा, तेवढे तास तुम्ही पुरावे गोळा करताय, फक्त तुम्हाला सांगितलेलं नाही," भाची म्हणाली. "खालच्या दुकानातला तो 42 इंची जुना टीव्ही आठवतो? त्यांचं यंत्र कधी चालतं, कधी चालत नाही. ते वैतागतात. शेवटी कळतं की दुकान उघडं असून तो टीव्ही चालू असला तरच निरोप जातो. टीव्ही पहिल्यापासून तुमच्या डोळ्यांसमोर आहे, पण तुम्ही त्याला सजावट समजलात."

हा मुद्दा मामांना लागला. जाड काचेच्या नळीचे टीव्ही त्यांच्या पिढीचे. हैदराबादच्याच ईसीआयएलनं बनवलेला ईसी टीव्ही त्यांच्या घरी होता. नळीत इलेक्ट्रॉनचा झोत असतो हे त्यांनी वर्गात शिकवलेलं. यंत्राला लागणारे इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावरून मिळतात, ही कल्पना शास्त्र म्हणून लंगडी असली तरी रहस्यकथेतला दुवा म्हणून चोख आहे, एवढं त्यांनी मान्य केलं.

अकिहाबाराचं चित्रण मात्र दोघांनाही पटलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वे स्टेशनाभोवती रेडिओच्या सुट्या भागांचा काळा बाजार भरू लागला, त्यातून हा भाग वाढला. पुढे संगणक आले, मग गेम आणि अ‍ॅनिमेची दुकानं. हैदराबादेत मामांनी कोठीच्या गुजराती गल्लीत ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर घासाघीस करून घेतलेले, तर भाचीनं आपला संगणक सिकंदराबादच्या सीटीसीत, म्हणजे चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये, एकेक भाग निवडून जुळवून घेतलेला. आबिड्सच्या जगदीश मार्केटात कुठलाही बंद मोबाइल उघडून बसणारी पोरं तिनं पाहिली आहेत. मायक्रोवेव्ह आणि मोबाइल एकत्र बांधण्याचा उद्योग कुठं होऊ शकतो, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही.

"ते ठीक," मामा म्हणाले. "पण विज्ञानकथा म्हणवता, तर विज्ञानाला जरा तरी भ्या. फिरणारं कृष्णविवर आणलंय. ते खोटं नाही. रॉय केरनं 1963 साली आइन्स्टाइनच्या समीकरणांतून फिरत्या कृष्णविवराचं उत्तर काढलं. त्याच्या आतल्या भागात काळ स्वतःवरच वळावा अशा वाटा गणितात निघतात. पण तो भाग टिकाऊ नसावा असंच बहुतेकांचं मत. यांनी ते कृष्णविवर मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं!"

"आणि सर्न?"

"तेच तर! नावातलं एक अक्षर बदलून 'एसईआरएन' केलं आणि त्याला जगावर राज्य करायला निघालेली टोळी बनवलं. 10 सप्टेंबर 2008ला जिनिव्हाजवळचं सर्न या संशोधन संस्थेचं कणांची टक्कर घडवणारं यंत्र सुरू झालं, तेव्हा आपल्या वाहिन्यांनी जगबुडीच्या बातम्या लावल्या होत्या. कृष्णविवर तयार होईल, पृथ्वी गिळेल. शेजारचे लोक मला विचारायला आले होते. त्यांना सांगून सांगून थकलो, की बाबांनो, अंतराळातून येणारे किरण रोज वातावरणावर याहून जास्त ऊर्जेनं आदळतात, पृथ्वी शाबूत आहे. आणि तीन वर्षांत तीच भीती रंगवून विकायला ही मालिका आली."

भाचीनं इथं वाद घातला नाही. तिचं म्हणणं वेगळंच. मालिकेनं शास्त्रापेक्षा अफवेतून जास्त उचललं आणि ते लपवलेलं नाही. 2000 आणि 2001 साली इंटरनेटवर जॉन टायटर या नावानं कुणीतरी लिहीत असे. आपण 2036 सालातून आलो आहोत आणि आपल्याला आयबीएम 5100 हा 1975चा संगणक न्यायचा आहे, असा त्याचा दावा. त्यानं अमेरिकेत 2004 साली यादवी सुरू होईल असं भाकीत केलं होतं, ते फसलं. पण संगणक खरा होता. हातानं उचलून नेता येईल म्हणून विकलेलं, सुमारे 25 किलोचं धूड. मालिकेत तोच 'आयबीएन 5100' होऊन येतो आणि त्याच्या मागे अर्धी कथा धावते.

"म्हणजे थापेवर थाप," मामा.

"थापेला नियम लावलेत, मामा. ते बघा ना."

नियम हा तिच्या वकिलीचा कणा. मालिकेतल्या यंत्रातून भूतकाळात जाऊ शकणारा निरोप फक्त 36 बाइटांचा. जपानीत एका अक्षराला दोन बाइट, म्हणजे अठरा अक्षरं, तीही सहा-सहाच्या तीन तुकड्यांत. एवढ्यात काय सांगणार? म्हणून प्रत्येक निरोप अर्धवट, कोड्यासारखा आणि घातक ठरतो. तिनं कागद ओढला आणि मराठीचा हिशेब मांडला. यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना-मात्रा वेगळ्या मोजाव्या लागतात. म्हणजे जास्तीत जास्त बारा चिन्हं. 'मामा येऊ नका' यात दहा चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा, मोकळी जागा एका बाइटची. एकूण 32.

"बसला!" ती म्हणाली. "चार बाइट उरले."

"उरलेल्यात कारण लिही," मामा म्हणाले. "का येऊ नका ते कळलं नाही तर मी मुद्दाम येईन."

"हेच ओकाबेचं होतं. कारण लिहायला जागा नाही."

इथं मामा थोडे नरमले. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, की प्रश्न सोडवण्याआधी अटी लिहून काढा. अटी लिहून काढणारी गोष्ट त्यांना एकदम नाकारता येईना. पण लगेच त्यांना रुकाचं प्रकरण आठवलं.

रुका हा देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा, नाजूक आणि लाजरा. आपण मुलगी म्हणून जन्मायला हवं होतं असं त्याला वाटतं. मग तो गरोदर असलेल्या आईला भूतकाळात निरोप पाठवतो, की भरपूर भाज्या खा. आणि तो खरंच मुलगी झालेला असतो.

"हे काय आहे?" मामांचा आवाज चढला. "बाळाचं लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरतं, बापाकडून एक्स आला की वाय आला त्यावर. नंतर आईनं भाज्या खाल्ल्या काय न् पेढे खाल्ले काय! ज्या देशात गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1994 साली कायदा करावा लागला, तिथं मला हा विनोद म्हणून खपत नाही."

भाचीचाही तोच राग होता, फक्त कारण दुसरं. रुका मुलगा आहे ही गोष्ट सुरुवातीचे भाग पुन्हापुन्हा हशा मिळवण्यासाठी वापरतात, हे तिला खटकलेलं. दारूच्या चावट शेऱ्यांना ती पहिल्या दिवसापासून वैतागली होती. कुरिसू अठराव्या वर्षी नावाजलेल्या नियतकालिकात शोधनिबंध छापून आलेली मुलगी, तिला ओकाबे सतत 'सहायक' म्हणतो आणि ती ते ऐकून घेते, यावरही तिचा आक्षेप होता. "या बाबतीत मी तुमच्या बाजूनं," ती म्हणाली. "2011 सालीसुद्धा हे शिळंच होतं. पण पुढे रुकाला पुन्हा मुलगा व्हावं लागतं, तेव्हा त्याच्यावर कुणी हसत नाही. त्या भागात तरी लेखकाला शरम वाटली असावी."

बाराव्या भागानंतरची रचना हा मालिकेचा खरा कस. मायुरी मरते. ओकाबे काही तास मागे जाऊन तिला वाचवतो, ती दुसऱ्या प्रकारे मरते. तो पुन्हा जातो, पुन्हा तेच. तिला वाचवायचं तर पाठवलेला प्रत्येक निरोप मागे घ्यावा लागतो, आणि प्रत्येक निरोपानं कुणाची तरी इच्छा पूर्ण झालेली. फेरिस या मैत्रिणीचे वडील निरोपामुळे जिवंत झालेले. ते पुन्हा जातात. सुझुहा ही मुलगी भविष्यातून आलेली. ती 1975 सालात गेल्यावर काय घडलं ते एका पत्रातून कळतं, आणि त्या पत्रात आपण हरलो हीच कबुली ओळींमागून ओळी भरून लिहिलेली आहे. मामोरू मियानो या कलाकारानं ओकाबेचं ते गडगडाटी हास्य पहिल्या भागांत दिलंय आणि तेच हास्य पुढे घशात अडकताना ऐकवलंय. मामा तो भाग बघताना गप्प होते. चहा पुन्हा गरम करावा लागला.

तरी त्यांनी शस्त्रं खाली ठेवली नाहीत. त्यांनी कपाटातून नारळीकर काढले.

जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. नावाची आद्याक्षरं त्यांच्याच आद्याक्षरांची उलटापालट. मामांना आता हवी होती ती कथा दुसरी, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जातात, जिथं 1761च्या पानिपतात विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून गेली, मराठे जिंकले आणि मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. भाचीनं ही गोष्ट अकरावीला एनसीईआरटीच्या पुस्तकात इंग्रजीत वाचलेली.

"समांतर जगं, पर्यायी इतिहास, सगळं आहे की नाही?" मामा म्हणाले. "तुझ्या जपान्यांच्या कितीतरी आधी. पण फरक बघ. गंगाधरपंत परत आले तेव्हा त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं एक फाटलेलं पान होतं. हातात धरता येईल असा पुरावा! तुझ्या ओकाबेकडे काय आहे? आठवण. जग बदललं की सगळे विसरतात, यालाच तेवढं आठवतं. का, तर त्या शक्तीला त्यानं 'रीडिंग स्टायनर' असं भारदस्त नाव दिलंय म्हणून? नाव दिलं म्हणजे स्पष्टीकरण झालं का गं?"

"नाही झालं," भाची म्हणाली. "ती माझ्या यादीतली सगळ्यात मोठी त्रुटी. टेस्टिंगमध्ये मी ती लाल रंगात लिहिली असती. पण मामा, खिशात पान आलं की तुमचं काम संपलं. पंतांना ते जग एक चमत्कार म्हणून दिसलं, त्यांचं कुणी गेलं नाही. ओकाबेजवळ पुरावा नाही म्हणूनच तो एकटा पडतो. मायुरी किती वेळा मेली हे फक्त त्याला माहीत आहे, आणि समोर मायुरी हसत बसलेली आहे. पान दिलं असतं तर ही गोष्टच झाली नसती."

"म्हणजे पुरावा नसणं हाच गुण?"

"या गोष्टीत, हौ."

मामांनी या उत्तरावर मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते कळेना.

हैदराबादी माणसाला कालप्रवास तसा नवा नाही. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'आदित्य 369' हा तेलुगू चित्रपट 1991 साली आला. नायक बालकृष्ण, कालयंत्रातून थेट कृष्णदेवरायाच्या दरबारात जाऊन परत भविष्यात, आणि मागे हिऱ्याच्या चोरीचं प्रकरण. मामांनी तो थेटरात पाहिलेला. त्यात यंत्र कसं चालतं हे कुणी विचारलं नव्हतं, हे भाचीनं त्यांना लगेच ऐकवलं. "तिथं गाणी होती," मामा म्हणाले. "गाणी असली की मी प्रश्न विचारत नाही."

मग शेवटचे दोन भाग. सगळे निरोप मागे घेतल्यावर मायुरी वाचते, पण कुरिसूचा मृत्यू परत येतो. म्हणून 28 जुलैला कुरिसूला वाचवायला ओकाबे सुझुहाच्या कालयंत्रातून मागे जातो आणि झटापटीत त्याच्याच हातून तिच्यावर वार होतो. मग भविष्यातल्या स्वतःकडून त्याला निरोप मिळतो: तू जे पाहिलंस ते बदलू नकोस, ते तसंच दिसेल अशी व्यवस्था कर. रक्तात पडलेली कुरिसू दिसली पाहिजे, पण ती मेलेली असता कामा नये. खोटं रक्त वाळून गेलेलं असतं, म्हणून तो स्वतःचं सांडतो.

"ही पळवाट!" मामा म्हणाले. "अकरा भाग ओरडून सांगितलं की जग आपलं ठरलेलं घडवूनच आणतं, सुटका नाही. आणि शेवटी? फसवा जगाला, झालं. मायुरीला तसंच का नाही वाचवलं?"

"मायुरीचा मृत्यू त्यानं उघड्या डोळ्यांनी पुन्हापुन्हा पाहिला. तिथं फसवायला जागा नव्हती. कुरिसूचं त्यानं फक्त रक्त आणि पडलेलं शरीर पाहिलं, नाडी तपासली नाही. पहिल्या भागात परत जा, कॅमेरा नेमका कुठं थांबतो बघा. आणि ती 'ऊपा'?"

ऊपा म्हणजे नाणं टाकून यंत्रातून काढायचं एक छोटंसं खेळणं. पहिल्या भागात मायुरीला धातूची दुर्मीळ ऊपा मिळते आणि हरवते. ती कुरिसूला सापडते, शोधनिबंधाच्या लिफाफ्यात जाते. कुरिसूचा बाप तो लिफाफा पळवतो. विमानतळावर धातू सापडल्यामुळे लिफाफा सामानातून काढून त्याच्या हातात येतो. विमानात सामानाला आग लागते, लिफाफा वाचतो, आणि त्यातल्या कालयंत्राच्या सूत्रावरून पुढे तिसरं महायुद्ध पेटतं. शेवटच्या भागात ओकाबे मायुरीच्या आधी नाणं टाकून ती धातूची ऊपा स्वतः घेतो. लिफाफ्यात धातू नाही, लिफाफा सामानात जातो, जळतो. महायुद्ध टळतं ते एका खेळण्यामुळे.

मामांनी पहिला भाग पुन्हा लावला. नाडीचं तपासलं, खेळण्याचंही तपासलं. "ऊपा मान्य," ते म्हणाले. "अगदी मान्य. हे पहिल्या भागात पेरलंय आणि मी बघितलं नाही, ही माझी चूक. पण जगाला फसवण्याचा नियम तेविसाव्या भागात आला. क्रिकेटचा नियम शेवटच्या षटकात सांगत नाहीत."

"नियम नवा नाही, मामा, तो पहिल्यापासून होता. कळला उशिरा."

"आधी कळला असता तर मी न्याय्य म्हटलं असतं."

खरं रहस्य कसं असतं, याचं मामांकडे याच शहरातलं उदाहरण आहे. 20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादच्या टीआयएफआर बलून केंद्रातून इस्रोच्या मदतीनं एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने घ्यायचे होते. या प्रकल्पाचे सूत्रधार नारळीकरच. नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये वेगवेगळी झाली. मार्च 2009 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला फ्रेड हॉइल यांचं नाव, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं. अतिनील किरणांसमोर त्या आपल्या जवळच्या नातलग जातींपेक्षा जास्त टिकाव धरत होत्या. पण त्या पृथ्वीवरून वर गेल्या की वरून खाली आल्या? अभ्यासानं बाहेरून आल्याचं सिद्ध होत नाही, असं इस्रोनं तेव्हाच स्पष्ट केलं.

"बघ," मामा म्हणाले. "दोन शहरांत, दोन प्रयोगशाळांत तपासलं, आणि तरी म्हणाले की माहीत नाही. याला रहस्य म्हणतात. चोविसाव्या भागात गाठ सुटलीच पाहिजे अशी सक्ती नाही."

"मान्य. पण तुमच्या त्या फुग्याची गोष्ट माझ्या ऑफिसात कुणाला माहीत नाही, आणि 'स्टाइन्स;गेट' निम्म्यांनी पाहिलीय. फिरतं कृष्णविवर हा शब्द त्यांनी तिथंच पहिल्यांदा ऐकला."

"मग त्यांना घरी आण. फुग्याचं मी सांगतो."

या वादाचा निकाल लागला नाही, पण गुणपत्रिका तयार झाली. भाचीच्या मते रचना पैकीच्या पैकी, रुका-दारूचे विनोद नापास, आठवणीची शक्ती काठावर. मामांच्या मते ऊपा आणि 36 बाइट पहिल्या वर्गात, सर्न नापास, भाज्या शून्य, शेवट पुनर्तपासणीला. बारावा भाग दोघांच्याही कागदावर सगळ्यात वर.

आता पुढची मालिका उरलीय. 'स्टाइन्स;गेट झिरो' 2018 साली आली, 23 भागांची. कुरिसूला वाचवण्याचा नाद ओकाबेनं सोडून दिला, त्या जगातली ही गोष्ट. तिथं 'अमादेउस' नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. तिच्यात कुरिसूच्या आठवणी साठवलेल्या, ती कुरिसूच्या आवाजात बोलते, फोनवर ओकाबेची चौकशी करते. भाचीनं एवढं सांगताच मामा पुढे सरकून बसले.

"आठवणी कुणी, केव्हा साठवल्या? मेल्याच्या आधी? तिची परवानगी होती का?"

"जिवंतपणीच, तिच्याच प्रयोगशाळेत. पण बोलतेय ती कुरिसू की तिची नक्कल, यावर मालिका भांडत बसते."

"नक्कलच," मामा म्हणाले. "त्यात भांडायचं काय?"

"तिला राग येतो, मामा. ती ओकाबेला टोमणे मारते."

"टोमणे शिकवता येतात."

"मग तुमच्या भाचीला कुणी शिकवले?" असं म्हणत भाचीनं रिमोट उचलला. मामांनी चष्मा पुसला आणि अट घातली: दर भागानंतर पाच मिनिटं थांबायचं, आणि प्रश्न आधी तेच विचारणार.